पखवाजाची कणीक

दर हिवाळ्यात पेपरात एक लहानशी चौकट येते: निफाडचा पारा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला तो आकडा पुण्यात चहा पिता पिता वाचायला गमतीचा वाटतो. लासलगावच्या स्टेशनावर सकाळी सात वाजता मफलर विसरून उतरलं, की तोच आकडा कानाच्या पाळ्यांना कळतो. पौषाचा पहिला पंधरवडा चालू होता. आत्याच्या गावी अखंड हरिनाम सप्ताह बसला होता आणि ‘या वर्षी तरी काल्याला ये’ म्हणून तिचे चार फोन येऊन गेले होते.

माझा त्यात थोडा स्वार्थही होता. गेली काही वर्षं मी आशियातल्या वाद्यांविषयी हाताला लागेल ते वाचतो आणि ऐकतो. ब्रह्मदेशातल्या ढोलांच्या वर्तुळाबद्दल मी दहा मिनिटं बोलू शकतो. पण लहानपणीच्या सगळ्या दिवाळ्या ज्या गावात गेल्या, तिथल्या देवळातला पखवाज कसा लावतात, हे मला सांगता आलं नसतं.

आतेभाऊ मोटरसायकल घेऊन आला होता. घरी जायच्या आधी त्यानं बाजार समितीत चक्कर मारली, कारण त्याचा ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत होता. आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ अशी लासलगावची ओळख आहे. बाजार समिती 1947 सालची. ट्रॅक्टर आणि पिकअपच्या लांबच लांब रांगा, लाल कांद्याचा ओलसर तिखट वास, आणि व्यापाऱ्यांचं कोंडाळं एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे सरकत असलेलं. भाव पुकारणारा माणूस आकडे एका लयीत म्हणतो. त्याची पट्टी हळूहळू चढते, भाव अडला की तो एकच आकडा तीनदा घोळवतो आणि सौदा तुटला की एकदम खाली येतो. पुढच्या गाडीपाशी पुन्हा तळाच्या सुरापासून सुरुवात. आतेभावाला ही लय अर्थातच ऐकू येत नव्हती, त्याचं लक्ष आकड्याकडे होतं.

गावाकडे निघालो तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हाळ कांद्याची लागवड चाललेली दिसली. बायका वाफ्यांत ओणव्या होऊन रोपं टोचत होत्या. पलीकडे गहू पोटरीत आलेला. द्राक्षबागांतून धूर निघत होता. थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. गहू आणि शेकोटी या दोन गोष्टी पुढच्या तीन दिवसांत मला पुन्हा भेटणार होत्या, पण वाद्यांच्या संगतीनं.

विणा खाली ठेवायचा नाही

सप्ताहाचा मांडव मारुतीच्या देवळापुढे होता. खांबाला फळा टांगलेला, त्यावर पहाऱ्याची यादी: कुठल्या तासाला विणा कुणाच्या गळ्यात. सात दिवस आणि सात रात्री विणा जमिनीला टेकवायचा नाही, हा सप्ताहाचा पहिला नेम. दुपारी दोन वाजता मांडवात चिटपाखरू नसतं, तेव्हाही एक म्हातारेबाबा विणा घेऊन उभे होते. तार छेडत होते, नाम घेत होते. ऐकायला कुणी असो नसो, त्याचं त्यांना काही नव्हतं. दुसरा विणेकरी आला. दोघांनी एकमेकांच्या पाया पडून विण्याची अदलाबदल केली, आणि त्या अदलाबदलीतही तारेवरचं बोट थांबलं नाही.

हा विणा म्हणजे रुद्रवीणा नव्हे की सरस्वतीवीणा नव्हे. एका भोपळ्यावर दांडी आणि तिच्यावर सूर धरणारी तार, इतकाच संसार. महाराष्ट्रात असे भोपळे मुख्यतः पंढरपूरच्या बाजूला, भीमेच्या काठी पिकतात. मिरजेचे कारागीर त्यांचेच तंबोरे आणि सतारी करतात. हे कारागीर शिकलगार, म्हणजे मुळात तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानी लढाया संपल्या तशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी हत्यारं सोडून भोपळा हातात घेतला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कडू भोपळा खाता येत नाही, म्हणूनच बहुधा तो वाद्याच्या वाट्याला आला असावा.

सप्ताहाचा दिवस वाद्यांच्याच हिशेबानं चालतो. पहाटे काकडा, तेव्हा टाळ हलक्या हातानं. मग ज्ञानेश्वरीचं पारायण, तेव्हा विण्याखेरीज सगळं गप्प. संध्याकाळी हरिपाठ, त्यात टाळकरी पाउली खेळतात. रात्री कीर्तन. या भागातल्या माणसांना ही शिस्त शिकवावी लागत नाही. सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह श्रावणात निरनिराळ्या गावी भरतो आणि तिथं लाखोंची पंगत उठते. गावोगावचे सप्ताह ही त्याचीच लहान भावंडं.

दोन परातींतली कणीक

संध्याकाळी आत्याच्या स्वयंपाकघरात गेलो. एका परातीत पोळ्यांच्या कणकेचा डोंगर होता. शेजारी एका लहान ताटलीत ओल्या फडक्याखाली पेरूएवढा एकच गोळा. मी फडकं उचललं.

“त्याला हात नको लावू. मृदंगाचा आहे तो.”

“वेगळा का?”

“त्यात मीठ नाही, तेल नाही. नुसतं पाणी. आणि मळायचाही घट्ट. बुवांना सैल चालत नाही.”

तो गोळा घेऊन मीच मांडवात गेलो. वारकरी कीर्तनात पखवाज वाजवणाऱ्याला मृदंगाचार्य म्हणतात. आमचे मृदंगाचार्य दिवसा दोन एकर द्राक्षं बघतात. साठीचे असावेत. पखवाज गोधडीत गुंडाळून आणला होता, तान्ह्या पोरासारखा. थंडीत, त्यातून दव पडलं की कातडं ओल धरतं आणि सूर उतरतो, म्हणून ही गोधडी.

आधी त्यांनी उजवी पुडी लावली. शाईची बाजू ती. पेटीवाल्यानं काळी चार धरून ठेवली आणि बुवा लहान हातोडीनं गठ्ठे ठोकत राहिले. गठ्ठा म्हणजे वादीखाली अडकवलेला लाकडी ठोकळा. तो शाईपुडीपासून दूर सरकला की वाद्या ताणतात आणि सूर चढतो. दोन ठोके, एक थाप, मान तिरकी करून ऐकणं. पुन्हा एक ठोका. पुडी सगळीकडून सारखी बोलायला लागेपर्यंत हे चाललं.

मग डावी बाजू, धूम. बुवांनी ओल्या बोटांनी पुडीचा मध्य पुसला, गोळा त्यावर दाबला आणि अंगठ्यानं चहूकडे पसरत नेला. भाकरी थापतात तसा, पण मध्ये जाड आणि कडेला पातळ. थाप मारली. माझ्या कानाला आवाज छान वाटला, त्यांच्या कानाला नाही. चिमूटभर कणीक काढली. पुन्हा थाप. आणखी चिमूटभर. मग अर्धी चिमूट परत लावली. पाचव्या-सहाव्या थापेला मांडवाचा पत्रा हलला आणि आवाज पोटात उतरला.

“आता जेवला,” बुवा म्हणाले.

मी विचारलं, “ज्वारीचं पीठ चालेल का?”

“बघा लावून. दुसऱ्या थापेला मांडीवर येईल. चिकी गव्हालाच असते, माउली.”

कणकेचं काम तसं सरळ आहे. पुडीच्या मध्यावर वजन वाढलं की तिचं कंपन मंदावतं आणि आवाज खर्जात जातो. ओलसरपणामुळे मोकळी खणखण दबते. कणीक जास्त झाली तर नुसता धप्प आवाज, कमी झाली तर डबा वाजवल्यासारखा. उजव्या बाजूची शाई हे त्याच विद्येचं कायमचं रूप: लोखंडाची भुकटी आणि भाताची किंवा पिठाची खळ थरावर थर घोटून बसवलेली. या शाईनं काय होतं, ते सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलं. शिवकाली कुमार यांच्यासोबतची त्यांची टिपणी 1920 साली ‘नेचर’मध्ये आली. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे वरचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याचा नुसता आवाज होतो. शाई घोटलेल्या पुडीचे सूर मात्र तारेच्या वाद्यासारखे जुळून येतात. मृदंग गाण्यात मिसळतो तो त्यामुळे.

तबल्याच्या डग्ग्यालाही अशीच कायमची शाई असते, त्यामुळे तबलजीला रोज कणीक मळावी लागत नाही. पखवाजाचा घास मात्र रोजचा रोज. कीर्तन संपलं की कणीक खरवडून काढायची, नाहीतर ती वाळून कातडं ओढते.

ही रीत किती जुनी? भरताच्या नाट्यशास्त्रात मृदंगाच्या जन्माची कथा आहे. स्वाती मुनी पाणी आणायला तळ्यावर गेले असता पाऊस आला आणि कमळाच्या लहानमोठ्या पानांवर थेंबांचे निरनिराळे नाद उमटले. ते मनात धरून त्यांनी वाद्य घडवून घेतलं. त्याच ग्रंथात पुडीवर लेप कसला द्यावा, हेही सांगितलं आहे. नदीकाठची सावळी माती उत्तम. ती नसेल तर गहू किंवा जवाचं पीठ, पण त्याचा आवाज एकसुरी होतो, असा शेराही आहे. म्हणजे भरतमुनींना आत्याची कणीक दुय्यमच वाटली असती. हे मी आत्याला सांगितलं नाही.

मांडवात मागे बसून मी मनाशी नकाशा मांडत होतो. दक्षिणेत मृदंगमच्या डाव्या तोंडाला रव्याचा लेप. ब्रह्मदेशात ‘पात वाइंग’ नावाचं वाद्य असतं: गोल कठड्याला आतून टांगलेले एकवीस ढोल आणि मधोमध बसलेला वादक. त्यातला प्रत्येक ढोल भात आणि राखेच्या लगद्यानं सुरात आणतात. थायलंडच्या ‘तफोन’लाही भात आणि राखच. आणि तफोनला तिथं गुरूचा मान. फुलं-उदबत्ती वाहिल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. आमच्याकडे गहू, दक्षिणेत रवा, पूर्वेला भात. ज्या मुलखाचं जे जेवण, तेच तिथल्या ढोलाच्या तोंडी. तोंडात घास भरल्यावर कोण वश होत नाही, अशी मृदंगावरून कोटी करणारं एक संस्कृत सुभाषितही आहे. कोटी करणाऱ्यानं कणीक लावताना कुणाला तरी जवळून पाहिलं असणार.

चांदवडची शेकोटी

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदवडला गेलो. शाकंभरी नवरात्र चालू असल्यानं रेणुकेच्या दर्शनाला गर्दी होती. लासलगावहून तासाभराच्या आतला रस्ता. चांदवडवर अहिल्याबाई होळकरांची छाप आहे: त्यांचा रंगमहाल गावात उभा आहे आणि डोंगराच्या कुशीतल्या या देवळाशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. होळकरांच्याच इंदूर दरबारात एकोणिसाव्या शतकात नाना पानसे होते. वाईकडून गेलेल्या या मराठी माणसानं पखवाजाचं स्वतंत्र घराणं उभं केलं. आमचे बुवा आपली परंपरा सांगताना पानशांचं नाव घेतात आणि कानाच्या पाळीला हात लावतात.

देवळाच्या आवाराबाहेर एका कुटुंबाचा कुळधर्माचा गोंधळ व्हायचा होता. गोंधळ्यांमध्ये रेणुराई आणि कदमराई अशा दोन शाखा आहेत. रेणुराई रेणुकेचे, कदमराई तुळजाभवानीचे. इथं अर्थातच रेणुराई होते. त्यांच्यातला तरुण मुलगा कागद आणि पाचोळा पेटवून संबळ शेकत बसला होता. संबळ म्हणजे एकत्र बांधलेली दोन वाद्यं, एक बारीक आवाजाचं आणि एक घुमणारं. कमरेपुढे बांधायचं आणि दोन काड्यांनी वाजवायचं. घुमाऱ्यावरची काडी टोकाशी वाकडी असते, ती कातड्यावर सपाट बसते आणि आवाज गोल काढते.

“याला कणीक नाही लावत?” मी विचारलं.

तो हसला. “देवीचं वाद्य आहे दादा. याला भूक नाही लागत, ताव लागतो.”

जाळावरून संबळ उचलून त्यानं काडी मारली. आधीचा ओला आवाज जाऊन टणत्कार निघाला. कालचं वाद्य पाण्यावर बोलत होतं, आजचं आगीवर. जपानच्या नोह नाट्यात अशीच एक जोडी शेजारी शेजारी बसते. ‘ओत्सुझुमी’ या ढोलाचं कातडं प्रयोगाआधी निखाऱ्यांवर चांगलं तापवतात, तर खांद्यावरच्या ‘कोत्सुझुमी’ला कोरडेपणा सोसत नाही, म्हणून वादक मधूनमधून त्याच्या कातड्यावर तोंडाची वाफ सोडतो. एक शेकायचा, एक भिजवायचा. निफाडच्या थंडीत मला त्या जोडीचा अर्थ पहिल्यांदा नीट कळला.

गोंधळात धान्य नव्हतं असं नाही. नव्या कापडावर धान्याचा चौक मांडला होता, त्यावर घट, शेजारी तेलाची दिवटी. म्हणजे इथं धान्य वाद्याच्या तोंडाला नाही, वाद्यापुढे. मुख्य गोंधळ्यानं गावोगावच्या देवदेवतांना नावानिशी गोंधळाला बोलावलं आणि मग आख्यान लावलं. साथीदार भोळेपणानं प्रश्न विचारतो, त्यावर लोक हसतात, कथा पुढे सरकते. सगळ्याच्या तळाशी तुणतुणं. लाकडी नळकांडं, त्याच्या एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मधून निघून बांबूच्या दांडीवरच्या खुंटीला बांधलेली एक तार. सूर एकच. बंगालातले बाउल वाजवतात त्या गोपीयंत्राशी त्याचं जवळचं नातं दिसतं. ‘आपलंच तुणतुणं वाजवणं’ असं आपण कुचेष्टेनं म्हणतो; पण दोन तास ज्याच्या आधारानं कथेकरी सुरातून ढळत नाही, तो तोच एक सूर असतो.

आढ्याची पावरी

चांदवडहून देवळ्यावरून कळवण. कांदा मागे पडतो, सह्याद्री जवळ येतो, सप्तशृंगीचा डोंगर रस्त्याशी लपंडाव खेळतो. अभोण्याच्या पुढे सुरगाण्याच्या दिशेनं कोकणा समाजाचा एक पाडा आहे, तिथं ओळखीचे शिक्षक घेऊन गेले. घराच्या आढ्याला पावरी टांगलेली होती: वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे शिंग आणि मोरपिसांचा तुरा. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात हिच्या सुरावर पाडेच्या पाडे रात्र रात्र फेर धरतात. विण्याचा भोपळा सूर साठवतो, पावरीचा भोपळा श्वास साठवतो, फळ एकच.

“जरा वाजवून दाखवाल का बाबा?”

म्हाताऱ्या बाबांनी मान हलवली. “मार्गशीर्ष गेला. आता पुढच्या साली या.”

शिक्षकांनी भीड घातली, पाहुणा लांबून आल्याचं सांगितलं. बाबा रागावले नाहीत, पण उठलेही नाहीत. मला ओशाळल्यासारखं झालं. ज्या वाद्याला आपला महिना आहे, त्याला भलत्या महिन्यात बोलायला लावणं हे बिनहंगामी रोप टोचण्यासारखंच. कांद्याच्या गावाहून येऊन हे मला कळायला हवं होतं.

माझा पडलेला चेहरा पाहून असेल, बाबांनी आतून काशाची थाळी आणली. मेणाचा गोळा शेकून मऊ केला, थाळीच्या मधोमध बसवला, त्यात एक लांब बारीक काडी उभी रोवली. मग दोन्ही हातांच्या चिमटीत काडी धरून वरून खाली, वरून खाली ओढत राहिले. थाळीतून एक गुणगुण निघाली, घोंगावणारी, कुठून येते ते न कळणारी. ठोका नाही, खंड नाही. या थाळीच्या साथीवर धान्याची देवता कणसरी हिच्या कथा सांगतात, आणि माणूस गेल्यावर त्याच्या दिवसांतही थाळी बसते. बाबांनी कथा सांगितली नाही, सूर मात्र पाच मिनिटं धरला. बाहेर अंगणात नागली वाळत होती. काल ढोलाला जेवण लावलेलं पाहिलं, आज ताटच गाताना ऐकलं.

जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी होती. वाढली स्टीलच्या ताटात. काशाची थाळी पुसून, कापडात बांधून पुन्हा आत गेली.

काला

पौर्णिमेच्या सकाळी काल्याचं कीर्तन. आदल्या रात्री मी आत्याला म्हटलं, उद्या मृदंगाची कणीक मी मळतो. तिनं परात पुढे केली आणि शेजारी बसून मजा पाहिली. माझी कणीक बुवांनी बोटानं दाबली, उचलली, ती लोंबली.

“माउली, ही थालीपिठाला बरी.”

आत्याला पुन्हा हात धुऊन बसावं लागलं. मूठभर कोरडं पीठ, चार दाब, दोन मुठी, आणि गोळा तयार. पिठाला किती पाणी लागतं ते गव्हावर असतं, ती म्हणाली, हा घरचा ‘त्र्यंबक’ आहे. हे गव्हाच्या वाणाचं नाव. निफाडच्याच संशोधन केंद्रानं काढलेला वाण. त्यांच्या दुसऱ्या एका वाणाचं नाव ‘तपोवन’. दोन्ही नावं याच जिल्ह्यातल्या तीर्थांची.

कीर्तनकार मध्ये उभे, मागे टाळकऱ्यांच्या दोन ओळी, कडेला विणेकरी आणि पखवाज. दोन तासांत बुवांनी तीनदा वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून कणकेवर फिरवली, एकदा पाउलीच्या ऐन भरात, हात न थांबवता. दहीहंडी फुटली, लाह्या आणि दही कालवलेला काला हातोहात वाटला गेला. सात दिवसांनी विणा खाली आला, तोही थेट देवापुढच्या पाटावर.

गर्दी पंगतीकडे वळली. बुवा मात्र पखवाज मांडीवर घेऊन कणीक खरवडत बसले होते. चकती अखंड निघाली. तिच्यावर त्यांच्या तळव्याच्या रेषा उमटलेल्या. त्यांनी ती हातानं कुस्करून मांडवामागच्या चिमण्यांना टाकली, ओल्या फडक्यानं पुडी पुसली आणि पखवाज गोधडीत गुंडाळला.

मी चुलाणापाशी गेलो. या तीन दिवसांत आत्या एकाही कीर्तनाला मांडवात बसलेली मी पाहिली नव्हती. तिचं कीर्तन पोळपाटावर. तव्यावरची पोळी उलटता उलटता तिनं विचारलं, “वाजली का रे माझी कणीक?”

“वाजली,” मी म्हटलं.

“ऐकली मी इथनं,” ती म्हणाली, “काल जरा जास्त घट्ट झाली होती.”